आधी जिवावर बेतणारे, मग दुखणारे : आपत्कालीन प्रतिसादकासाठी रुग्णतपासणीचा क्रम

डॉक्टरांची तपासणी आणि आपत्कालीन प्रतिसादकाची तपासणी यांचा उद्देश वेगळा असतो. डॉक्टरांना आजाराचे नाव शोधायचे असते. आपल्याला एवढेच ठरवायचे असते की समोरचा माणूस पुढच्या काही मिनिटांत कशाने दगावू शकतो, ते आपल्या हातातल्या साधनांनी थोपवता येते का, आणि त्याला किती घाईने कोठे न्यावे लागेल. या तीन प्रश्नांची उत्तरे ठरावीक क्रमाने मिळवण्याची पद्धत म्हणजे रुग्णतपासणी. क्रम पाठ असला तरी प्रत्यक्ष घटनास्थळी तो मोडतो, कारण रक्त, आरडाओरडा आणि गर्दी आपले लक्ष आपापल्या बाजूला ओढत असतात. म्हणून हा लेख क्रमाबद्दल जितका आहे, तितकाच तो क्रम कोठे मोडतो याबद्दलही आहे.

कोल्हापुरात काम करणाऱ्यांसाठी शब्दाचा एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे ‘सीपीआर’ म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय डोळ्यासमोर येते आणि प्रशिक्षणाच्या पुस्तकात मात्र तेच तीन अक्षरांचे नाव बंद पडलेले हृदय चालू करण्याच्या कृतीला असते. ‘सीपीआर सुरू करा’ आणि ‘सीपीआरला न्या’ या दोन सूचना गोंगाटात सारख्याच ऐकू येतात. म्हणून आमच्या पथकात त्या कृतीला आम्ही ‘छातीदाब’ म्हणतो आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे. कारखान्यातील प्रथमोपचार पथक, रुग्णवाहिकेवरील साहाय्यक आणि पुराच्या वेळी बोटीवर जाणारे स्वयंसेवक असा वाचक येथे गृहीत धरला आहे. प्रत्यक्ष सरावाची जागा लेख घेऊ शकत नाही, आणि आपल्या संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी घालून दिलेली कार्यपद्धती असेल तर तीच अंतिम समजावी.

पुढे वारंवार एकाच घटनेचा उल्लेख येईल. गळीत हंगामातली डिसेंबरची रात्र होती. राधानगरीच्या बाजूच्या एका रस्त्यावर, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर एक मोटरसायकल आदळली. मागे बसलेल्या तरुणाच्या नडगीचे हाड कातडीतून बाहेर आले होते आणि तो मोठ्याने ओरडत होता. गाडी चालवणारा कडेच्या दगडावर पोटाशी हात धरून बसला होता. मी सरळ ओरडणाऱ्याकडे धावलो. ती चूक होती, आणि ती का चूक होती हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

वाहनातून उतरण्यापूर्वी

घटनास्थळाचा अंदाज घेणे ही तपासणीची पहिली पायरी आहे आणि ती गाडीत बसूनच सुरू होते. रस्त्यावर अपघात असेल तर मागून येणारे वाहन हाच पहिला धोका असतो. पुणे–बंगळूर महामार्गावर शिरोली, उजळाईवाडी किंवा कागलच्या टप्प्यात रात्री काम करताना आपले वाहन रुग्णाच्या अलीकडे, वाहतुकीच्या बाजूला आडोसा होईल असे आणि दिवे लुकलुकते ठेवून उभे करावे. तुटलेली वीजतार, सांडलेले इंधन, टँकरमधली रसायने, पुराच्या पाण्याचा ओढा या प्रत्येक बाबतीत नियम एकच आहे : जागा सुरक्षित होईपर्यंत आत जायचे नाही. विहीर, गोबरगॅसची टाकी किंवा मळीची टाकी यांत एखादा बेशुद्ध पडलेला दिसला की मागोमाग उतरण्याचा मोह फार असतो. आत विषारी वायू असेल किंवा प्राणवायू संपलेला असेल तर उतरणारा दुसराही तेथेच पडतो आणि मग तिसरा त्याला काढायला उतरतो. अशा ठिकाणी अग्निशमन दलाची वाट पाहणे, हेच त्या वेळचे काम असते.

उतरताना हातमोजे चढवावेत आणि तीन गोष्टी नजरेने टिपाव्यात. पहिली, रुग्ण किती आहेत. उसाच्या फडाशेजारी अपघात झाला असेल तर फेकला गेलेला माणूस सरीत पडलेला असू शकतो, म्हणून गाडीवर किती जण होते हे विचारावे आणि माणसे मोजावीत. दुसरी, इजा कशी झाली असेल : हँडल वाकले आहे का, हेल्मेटला तडा गेला आहे का, गाडीची काच आतून फुटली आहे का, किती उंचीवरून पडला. तिसरी, आपले बळ पुरेसे आहे का. जादा रुग्णवाहिका लागणार असेल तर १०८ किंवा ११२ ला याच क्षणी कळवावे. एका रुग्णात गुंतल्यावर पाच मिनिटांनी कळवण्यात अर्थ नाही.

गर्दी हा आपल्याकडचा कायमचा घटक आहे, पण तिला दूर ढकलण्यापेक्षा कामाला लावलेले जास्त उपयोगी पडते. एकाला वाहतूक अडवायला, एकाला मोबाईलचा उजेड धरायला, एकाला नातेवाइकांना फोन लावायला सांगावे, आणि सांगताना बोट दाखवून, ‘निळा शर्टवाले दादा, तुम्ही’ असे नेमके सांगावे. मदत करणारे पोलिसांच्या कटकटीला भितात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १३४अ नुसार अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही, एवढे सांगितले तरी उजेड धरणारा हात टिकून राहतो.

दहा पावलांवरून

रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या दहा पावलांत बरेच काही कळते. तो कसा बसला आहे किंवा पडला आहे, चेहरा पांढरा, निळसर की घामाने डबडबलेला आहे, श्वासासाठी खांदे उचलतो आहे का, आपल्याकडे पाहतो आहे का. जो ओरडतो आहे त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, छातीत हवा जाते आहे आणि मेंदूला रक्त पोहोचते आहे. ओरडणे ही त्या अर्थाने चांगली बातमी आहे. गप्प बसलेल्याकडे आधी जावे, हा नियम मी त्या डिसेंबरच्या रात्रीनंतर स्वतःला लावून घेतला.

जवळ जाताना समोरून जावे, म्हणजे आवाजाच्या दिशेने मान वळवण्याची वेळ रुग्णावर येत नाही. अपघात, उंचावरून पडणे किंवा डोक्याला मार असा प्रकार असेल तर सहकाऱ्याने दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे आणि मगच बोलायला सुरुवात करावी. ‘काका, मी आपत्कालीन पथकातला आहे, मान न हलवता बोला, मी तपासू का?’ या एका वाक्यात ओळख, सूचना आणि संमती येऊन जाते. स्त्री रुग्ण असेल तर शक्यतो महिला सहकारी पुढे असावी, नसल्यास घरच्या किंवा गर्दीतल्या एखाद्या मावशींना शेजारी उभे करावे. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत संमती गृहीत धरली जाते.

शुद्धीची पातळी चार पायऱ्यांत नोंदवतात : स्वतःहून जागा व भानावर, हाक मारल्यावर प्रतिसाद देणारा, दुखवल्यावरच प्रतिसाद देणारा, आणि कशालाही प्रतिसाद न देणारा. जागा असलेल्याला नाव, ठिकाण, वार आणि काय घडले हे विचारावे. ‘आपण आत्ता कुठं आहोत?’ या प्रश्नाला रस्त्यावर पडलेला माणूस ‘घरात’ असे उत्तर देत असेल तर तो जागा आहे पण भानावर नाही, आणि ही नोंद रुग्णालयासाठी मोलाची असते.

पहिली फेरी : जिवावर बेतणारे

या फेरीला एक ते दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये. जेथे जीवघेणी अडचण सापडेल तेथेच थांबून ती दूर करायची आणि मग पुढे सरकायचे.

धो-धो वाहणारे रक्त सर्वांत आधी थांबवावे. जखमेवर थेट आणि जोराचा दाब, खोल जखमेत कापडाची घट्ट भरणी, आणि हातापायाचा रक्तस्राव दाबाने आटोक्यात येत नसेल तर टूर्निके, म्हणजे रक्ताचा प्रवाह अडवणारा घट्ट पट्टा. ते जखमेपासून दोन-तीन इंच वर, सांध्यावर न येऊ देता बांधावे आणि बांधल्याची वेळ त्याच्यावरच लिहावी. हिवाळ्यात जाड स्वेटर आणि घोंगडी रक्त पिऊन घेतात, म्हणून हातमोज्याचा तळवा कपड्यांखालून आणि पाठीखालून फिरवून तो लाल होतो का ते पाहावे.

त्यानंतर श्वासमार्ग. स्पष्ट बोलणाऱ्याचा श्वासमार्ग त्या क्षणी मोकळा आहे. गुळगुळ आवाज येत असेल तर तोंडात रक्त, उलटी किंवा लाळ आहे आणि ती ओढून किंवा कुशीवर वळवून काढायला हवी. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडली आहे. श्वास घेताना शिट्टीसारखा ताणलेला आवाज म्हणजे वरचा मार्ग अरुंद झाला आहे. मानेच्या दुखापतीची शंका नसेल तर कपाळ मागे व हनुवटी वर करावी आणि शंका असेल तर जबडा पुढे ढकलण्याची पद्धत वापरावी. दिसणारी वस्तू काढावी; न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात आंधळेपणाने बोट फिरवू नये, कारण ती आणखी आत जाते.

श्वसन पाहताना फक्त ‘चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. वेग, खोली, दोन्ही बाजूंची छाती सारखी उचलली जाते का आणि बोलताना वाक्य पूर्ण होते का, हे पाहावे. दर तीन-चार शब्दांनी थांबणारा दम्याचा रुग्ण, ऑक्सिमीटर काहीही दाखवत असला तरी, गंभीर आहे. मोजतोय असे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो, म्हणून मी मनगट धरून नाडी मोजल्याचा बहाणा करतो, त्याचाच हात त्याच्या छातीवर ठेवतो आणि प्रत्यक्षात छातीचे वर-खाली होणे ३० सेकंद मोजून दुप्पट करतो. प्रौढात मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक समजतात. श्वसनाचा आकडा हा सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. कित्येक नोंदवह्यांत प्रत्येक रुग्णापुढे ‘१८’ लिहिलेले आढळते, म्हणजे तो मोजलेलाच नसतो. रक्तदाब ढासळण्याच्या बऱ्याच आधी श्वास वाढतो, त्यामुळे न मोजणे म्हणजे पहिला इशारा हातचा घालवणे होय.

एक फसवा श्वास मात्र ओळखता आलाच पाहिजे. हृदय बंद पडल्यावर काही जण सुरुवातीच्या मिनिटांत अधूनमधून आचके देतात, मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसे तोंड उघडतात, घरघर होते. ‘श्वास चालू आहे, थांबा’ असे गर्दीतले कोणीतरी म्हणतेच. प्रतिसाद नाही आणि श्वास असा आचक्यांचा आहे, किंवा नाहीच, तर मानेजवळची नाडी जास्तीत जास्त १० सेकंद चाचपून ती खात्रीने लागली नाही की लगेच छातीदाब सुरू करावा : मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत, ३० दाबांना दोन श्वास. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, उपलब्ध असेल तर ते ताबडतोब लावावे. तेथून पुढची तपासणी आपोआप थांबते.

रक्ताभिसरणासाठी मनगटाची नाडी, कातडीचा रंग, उष्णता व ओलावा या चार गोष्टी एकत्र पाहाव्यात. नखावर दाब देऊन सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यावा. मात्र पन्हाळ्यावर पहाटेच्या थंडीत किंवा पुरातून नुकत्याच काढलेल्या माणसात तो उशिरा येणे फसवे ठरू शकते, म्हणून अशा वेळी छातीच्या हाडावर दाबून पाहावे. मनगटाला नाडी लागली म्हणजे वरचा रक्तदाब अमुक इतका असणारच, असे पूर्वी शिकवत असत. तो आकडा भरवशाचा नाही. नाडी आहे, वेगवान आहे, बारीक आहे, एवढेच लिहावे.

मेंदूच्या स्थितीसाठी शुद्धीची पातळी पुन्हा पाहावी आणि डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का, उजेडाने आकुंचन पावतात का ते तपासावे. शेवटी आवश्यक तेवढे कपडे कापून अंग उघडे करून पाहावे आणि लगेच झाकावे. गार पडलेल्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही, म्हणून चादर हा उपचाराचाच भाग आहे.

थांबायचे की निघायचे

पहिली फेरी संपताच निर्णय घ्यावा लागतो. शुद्ध हरपलेली किंवा बदललेली, श्वास अडचणीत, धक्क्याची (शरीराला रक्तपुरवठा कमी पडल्याची) लक्षणे, आवाक्याबाहेरचा रक्तस्राव, छाती-पोटाची भेदक जखम, यांपैकी काहीही असेल तर घटनास्थळी दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. पुढची तपासणी धावत्या गाडीत करावी. दहा मिनिटांचा हा हिशेब अपघातासाठी आहे. जमिनीवर पडलेल्या हृदयबंदच्या रुग्णाला मात्र छातीदाब न देता उचलून पळवणे हे त्याच्या जिवावर उठणे आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ सेवेच्या गाडीत डॉक्टर असतात. त्यांची गाडी वाटेत असेल तर तोवरची आपली तपासणी त्यांच्या हाती तयार देणे, हे आपले काम. गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या बाजूला असताना अंतराचा हिशेब आणखी आधी करावा लागतो, कारण जवळचे रुग्णालय आणि योग्य रुग्णालय ही तेथे दोन वेगळी ठिकाणे असतात.

आकडे, आणि आकड्यांच्या मागचे

नाडी, श्वसन, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण, शरीराचे तापमान, रक्तातील साखर आणि शुद्धीचा गुणांक यांचा पहिला संच म्हणजे पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया. प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १०० ही पुस्तकी मर्यादा झाली. तालमीत रोज घाम गाळणाऱ्या पैलवानाची विश्रांतीतली नाडी पन्नाशीत असू शकते. त्याची नाडी ९५ दाखवत असेल तर ती मर्यादेत आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण त्याच्या मानाने ती जवळजवळ दुप्पट झाली आहे. याउलट रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या आजोबांची नाडी, भरपूर रक्त जाऊनही, ७० च्या पुढे सरकत नाही. गोळ्यांची पाकिटे बघितल्याशिवाय नाडीचा अर्थ लावू नये.

रक्तदाब हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. तरुण, धडधाकट माणसाच्या शरीरातील जवळजवळ ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा टिकून राहू शकतो, कारण रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जोराने पळवून शरीर तूट भरून काढत असते. त्या काळात खालचा आकडा वर चढतो आणि दोन आकड्यांमधले अंतर कमी होते. आता त्या दगडावर बसलेल्या तरुणाकडे येऊ. ‘मला काय न्हाई झालं, त्येला बघा की पहिलं,’ असे तो म्हणाला होता. त्याच्या नोंदी अशा होत्या : ९ वाजून ४६ मिनिटांनी नाडी ९६, श्वसन २०, रक्तदाब १२४/८२. पाच मिनिटांनी नाडी ११२, श्वसन २४, रक्तदाब १२२/९०. आणखी पाच मिनिटांनी नाडी १२८, श्वसन २८, रक्तदाब ११८/९४. एकेक संच सुटा पाहिला तर वरचा आकडा कोठेच घाबरवत नाही. पण अंतर ४२ वरून ३२ आणि ३२ वरून २४ वर आले होते. डिसेंबरच्या थंडीत त्याच्या वरच्या ओठावर घाम होता, तळवे गार होते, आणि तो सारखे पाणी मागत होता. तहान हे रक्त जात असल्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. कनवाळू मंडळी लगेच बाटली पुढे करतात, पण शस्त्रक्रियेची शक्यता असलेल्याला तोंडाने काहीही देऊ नये. ओठ ओले करावेत, एवढेच.

यंत्रांच्या मर्यादाही माहीत हव्यात. ऑक्सिमीटर ९४ किंवा त्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर सर्वसाधारणपणे ठीक, परंतु गार बोटे, गडद नेलपेंट आणि हलणारा हात यांमुळे तो चुकतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या कुटुंबात तो धडधडीत फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेल्यासारखेच दिसते. शुद्धीत बदल झालेल्या प्रत्येकाची साखर तपासावी, कारण दारू प्यायला म्हणून सोडून दिलेल्या माणसाची साखर ७० च्या बरीच खाली गेलेली असू शकते. गुऱ्हाळघरातल्या माणसाची तपासणी करताना बोट आधी पाण्याने धुऊन कोरडे करावे. बोटावर काकवी किंवा गूळ असेल तर ग्लुकोमीटर भलताच वाढीव आकडा दाखवतो आणि साखर कमी झालेला रुग्ण आपल्या डोळ्यांदेखत निसटतो. साखर कमी असेल तरी शुद्धीवर असून नीट गिळू शकणाऱ्यालाच तोंडाने गोड द्यावे.

शुद्धीचा गुणांक, ज्याला ग्लासगो स्केल म्हणतात, ३ ते १५ असतो : डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण. बेरजेबरोबर तिन्ही सुटे आकडेही सांगावेत. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकेलच असे नाही. घाईत बेरीज जमत नसेल तर चार पायऱ्यांचीच नोंद प्रामाणिकपणे करावी. अंदाजे लिहिलेल्या ‘१३’ पेक्षा ती बरी.

विचारपूस

आजारी रुग्णाच्या बाबतीत विचारपूस ही हाताच्या तपासणीपेक्षा जास्त सांगते, आणि जखमीच्या बाबतीत उलट. विचारायचे मुद्दे असे : काय होते आहे, कशाची ॲलर्जी आहे का, कोणती औषधे चालू आहेत, आधीचे आजार व शस्त्रक्रिया, शेवटचे खाणे-पिणे केव्हा, आणि हे सुरू होण्यापूर्वी काय चालले होते. स्त्री गर्भवती असण्याची शक्यता असल्यास तेही, पण चारचौघांत विचारू नये. दुखण्याबद्दल अचानक की हळूहळू, कशाने वाढते, कसे दुखते, कोठे पसरते, दहापैकी किती, आणि केव्हापासून हे क्रमाने विचारावे. रुग्णाचेच शब्द नोंदवावेत.

आपल्या भागातले शब्द मात्र समजून घ्यावे लागतात. ‘पित्त झालंय’, ‘गॅस वर चढलाय’, ‘छातीत भरून आलंय’ असे म्हणणारा घामेजलेला माणूस हृदयविकाराचा नाही असे सिद्ध होईपर्यंत तो हृदयविकाराचाच समजावा. मधुमेही आणि वयस्कर स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा, दम किंवा मळमळ असू शकते. ‘अंगावरनं वारं गेलं’, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला, असे घरचे सांगतात तेव्हा हसायला लावून चेहरा एका बाजूला ओघळतो का, दोन्ही हात पुढे धरायला सांगून एक खाली येतो का आणि बोलणे अडखळते का, हे पाहावे. येथे सर्वांत मौल्यवान प्रश्न म्हणजे शेवटचे ठणठणीत केव्हा पाहिले होते. ‘सकाळी सहाला उठले तेव्हा असंच होतं’ याचा अर्थ झटका सहाला आला असा होत नाही. रात्री झोपताना किती वाजता बरे होते, ती वेळ धरावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि घड्याळ त्या वेळेपासून चालते. वारे गेल्यावर आधी तेल चोळत बसणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांच्यावर चिडण्यात दोन मिनिटे घालवू नयेत.

सर्पदंशात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. कोपीत जमिनीवर झोपणाऱ्या ऊसतोड मजुरांत मण्यारचा धोका विशेष आहे. दंश जवळजवळ दुखत नाही, खूण शोधूनही सापडत नाही, आणि पहाटे पोटदुखी, जड पापण्या, गिळायला त्रास अशी सुरुवात होते. म्हणून ‘पोट दुखतंय आणि डोळे उघडेनात’ हे ऐकल्यावर रात्री कोठे झोपला होता, हे विचारावे. घोणसच्या दंशात सूज झपाट्याने चढते. तिच्या कडेवर पेनाने रेघ मारून वेळ लिहावी, म्हणजे वेग कळतो. काप देणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. कीटकनाशक पोटात गेलेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ आणि कपड्यांना उग्र वास असतो. बाटली किंवा डबा रुग्णाबरोबर न्यावा आणि स्वतःचे हात झाकावेत.

डोक्यापासून पायापर्यंत

दुसरी फेरी हातांची आहे. टाळू, कान-नाकातून रक्त किंवा पातळ पाणी, डोळ्यांभोवती व कानामागे काळसर डाग, जबडा, मानेच्या शिरा व मणके, गळ्याचे हाड, बरगड्या, पोटाचे चारही भाग, कमरेची हाडे, मांड्या, पाय, हात आणि शेवटी सांभाळून कुशीवर वळवून पाठ, असा क्रम ठेवावा. दुखते तो भाग सर्वांत शेवटी चाचपावा. कमरेची हाडे एकदाच, हळुवार दाबावीत आणि दुखरी वाटल्यास पुन्हा कोणालाही दाबू देऊ नयेत, कारण प्रत्येक दाबाने आतला रक्तस्राव वाढू शकतो. मोडलेल्या हातापायाच्या खालच्या टोकाला नाडी, स्पर्शज्ञान आणि बोटांची हालचाल ही फळी बांधण्यापूर्वी व बांधल्यानंतर तपासून दोन्ही वेळा नोंदवावी.

त्या चालकाच्या पोटावर डाव्या बरगड्यांखाली हँडलच्या मुठीचा गोल ठसा होता, एका रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. पोट मऊ होते, पण तेथे हात ठेवताच त्याने श्वास रोखला आणि डावा खांदा दुखतो म्हणाला. खांद्याला मार नव्हता. प्लीहा फुटून रक्त छाती व पोटामधल्या पडद्याला लागले की दुखणे डाव्या खांद्यात जाणवते, हे मला शिकवलेले होते. आठवायला मात्र ओरडणारा तरुण क्षणभर शांत व्हावा लागला.

लहान मुलांत पहिल्या फेरीचा क्रम तोच, आकडे वेगळे. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६०, दोन ते अकरा महिन्यांत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वसन, आणि ते पूर्ण एक मिनिट मोजावे. हातांची तपासणी मात्र पायांकडून डोक्याकडे, आईच्या मांडीवरच करावी.

पुन्हा तपासणी आणि सुपूर्द करणे

स्थिर रुग्णाची दर १५ मिनिटांनी आणि अस्थिर रुग्णाची दर ५ मिनिटांनी शुद्धी, श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण व आकडे पुन्हा तपासावेत आणि दिलेल्या उपचाराचा परिणामही पाहावा. कागद हाताशी नसेल तर मांडीवर चिकटवलेल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर वेळ आणि आकडे लिहावेत. हातमोज्यावर लिहू नये. मोजे काढून टाकताना नोंदही कचऱ्यात जाते, आणि हे मी स्वतः केलेले आहे.

रुग्णालयात सुपूर्द करताना वय, घटना व वेळ, सापडलेल्या इजा किंवा तक्रारी, आकडे व त्यांची दिशा, आणि केलेले उपचार एवढेच एका मिनिटात सांगावे. त्या रात्री अपघात विभागात मी असे सांगितले : ‘अंदाजे २२ वर्षे, पुरुष, साडेनऊच्या सुमारास मोटरसायकल ट्रॉलीवर आदळली, हेल्मेट नव्हते. डाव्या बरगड्यांखाली हँडलचा ठसा, दाबल्यावर दुखते, डावा खांदा दुखतो, शुद्धीवर आहे. दहा मिनिटांत नाडी ९६ वरून १२८, श्वसन २० वरून २८, वरचा दाब ११८ पण अंतर २४ वर आले आहे. ऑक्सिजन चालू, झाकून आणले, तोंडाने काही दिलेले नाही. ॲलर्जी नाही, शेवटचे जेवण आठला.’ डॉक्टरांनी चिकटपट्टी माझ्या मांडीवरून काढून केसपेपरला चिकटवली आणि सोनोग्राफीचे यंत्र त्याच्याकडे ओढले. नडगी मोडलेला तरुण शेजारच्या खाटेवर अजून ओरडतच होता.